डब्लिनमध्ये चांगली स्टाऊट शोधताना: पबची निवड, चव आणि गुणांकन

डब्लिनमधल्या जवळपास प्रत्येक पबमध्ये मिळणारी गिनेस, म्हणजे आयर्लंडची प्रसिद्ध स्टाऊट (काळी बिअर), सेंट जेम्सेस गेट इथल्या एकाच कारखान्यातून येते. तरीही एका पबमधली पिंट (मोठा भरलेला ग्लास) मऊ आणि भरदार लागते, तर दोन गल्ल्या सोडून असलेल्या पबमधली पिंट आंबूस, पातळ किंवा नुसतीच गार लागते. या फरकाचे कारण पबच्या तळघरात, नळ्यांत, ग्लास धुण्याच्या यंत्रात आणि बारमनच्या हातात दडलेले असते. म्हणून चांगल्या स्टाऊटच्या शोधात फिरताना आपण मुख्यतः जोखतो ती पबने त्या पेयाची राखलेली निगा, हे सुरुवातीलाच ध्यानात घेतले की पुढचा बराचसा गोंधळ टळतो.

हा लेख शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी डब्लिनला नव्याने आलेल्या, कायद्याने सज्ञान असलेल्या आणि मुळात मद्यपान करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. पुण्या-मुंबईत थंडगार लागर (फिकट, फसफसणारी बिअर) पिण्याची सवय असलेल्यांना स्टाऊट पहिल्यांदा पिताना ती ‘पुरेशी गार नाही’ आणि ‘फसफसत नाही’ असे वाटते, आणि नेमक्या या दोन गोष्टींवरून ते पबला कमी गुण देऊन मोकळे होतात. वास्तविक या दोन्ही गोष्टी स्टाऊटमध्ये असायलाच हव्यात.

१. काय मोजायचे ते आधी ठरवा

आयरिश स्टाऊटचा काळा रंग आणि करडी चव मोड न आणता भाजलेल्या जवामुळे येते. नळाच्या गिनेसमध्ये मद्याचे प्रमाण सुमारे ४.२ टक्के असते, म्हणजे रंगावरून ती जितकी जड वाटते तितकी ती नसते. तिचा मऊपणा नायट्रोजनमुळे येतो. १९५९ मध्ये गिनेसमध्ये काम करणाऱ्या मायकेल अॅश या गणितज्ञाच्या प्रयत्नांतून नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणावर चालणारी नळाची पद्धत तयार झाली. आज या मिश्रणात साधारण तीन चतुर्थांश नायट्रोजन असतो. तो द्रवात फार कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे अतिशय बारीक असतात, आणि त्यामुळे फेस साबणासारखा न होता सायीसारखा दाट होतो. हे मिश्रण बिघडले आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला, की बुडबुडे मोठे होतात आणि जिभेला टोचल्यासारखे वाटते. ही तक्रार पबकडे करायची असते, कारखान्याकडे नव्हे.

शहरात गिनेसखेरीज इतर स्टाऊटही मिळतात. कॉर्कच्या मर्फीज आणि बीमिश, कार्लो परगण्यातली ओहाराज, आणि स्वतः बिअर बनवणाऱ्या पोर्टरहाऊस या पबांच्या स्टाऊट यांची चव एकमेकींहून स्पष्टपणे वेगळी आहे. बीमिशमध्ये कडवटपणा जाणवतो, मर्फीज त्या मानाने सौम्य असते. पबांची तुलना करायची असेल तर एकच स्टाऊट सगळीकडे प्यावी, आणि स्टाऊटांची तुलना करायची असेल तर एकाच पबमध्ये बसावे. एका पबमधली मर्फीज आणि दुसऱ्या पबमधली गिनेस यांना एकाच तक्त्यात गुण देणारी मंडळी नंतर तावातावाने वाद घालतात, परंतु त्या वादातून काहीही निष्पन्न होत नाही. या लेखात यापुढे पबांची तुलना गृहीत धरली आहे, आणि नळाची गिनेस सर्वत्र मिळत असल्यामुळे तीच मोजपट्टी म्हणून घेतली आहे.

शाकाहारी वाचकांसाठी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. गिनेस नितळ करण्यासाठी पूर्वी माशांच्या वायुपिशवीपासून काढलेला पदार्थ वापरला जात असे. तो वापर कंपनीने २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात थांबवला, त्यामुळे आजची नळाची गिनेस शाकाहारी मंडळींना चालण्यासारखी आहे. मात्र पोर्टरहाऊसच्या ऑयस्टर स्टाऊटमध्ये खरोखरची कालवे घालतात, तेव्हा ते नाव केवळ शोभेचे आहे असे समजू नये.

२. सोबत काय न्यावे

• वयाचा पुरावा. तरुण दिसणाऱ्यांना दारावर विचारणा होते. पासपोर्ट किंवा गार्डा (आयरिश पोलीस) एज कार्ड, म्हणजे वयाचे ओळखपत्र, चालते. आयर्लंडमधल्या वास्तव्याचा परवाना हे अधिकृत ओळखपत्र नाही, असे त्या कार्डाबाबत सरकारच सांगते. त्यामुळे दारावरच्या माणसाने ते नाकारले तर हुज्जत घालू नये.
• कार्ड आणि थोडी रोख रक्कम. जुन्या पबमध्ये कार्ड चालेलच असे गृहीत धरू नये.
• बस आणि लुआस ट्राम यांसाठी लीप कार्ड.
• छोटी वही आणि पेन. मोबाइलवर टिपण करता येते, परंतु बारवर बसून सतत मोबाइलकडे पाहणारा माणूस आजूबाजूच्यांना खटकतो आणि पिंटकडे त्याचे लक्षही राहत नाही.

काही उत्साही लोक खिशात तापमापी बाळगतात. तिची गरज नाही. ग्लास हातात घेतल्यावर तळहाताला जे कळते तेवढे पुरेसे असते.

३. पबांची यादी करा, पण छोटी करा

वृत्तपत्रांतल्या ‘सर्वोत्तम पिंट’च्या याद्या एकत्र करून मोठा नकाशा तयार करण्याचा मोह सुरुवातीला प्रत्येकालाच होतो. तसे न करता सहा ते आठ पब निवडावेत आणि ते पायी फिरता येतील अशा गटांत विभागावेत. लिफी नदीच्या दक्षिण काठालगत पूलबेग स्ट्रीटवरचा मलिगन्स आणि फ्लीट स्ट्रीटवरचे बोज व पॅलेस बार हा एक सोयीचा गट होतो. मलिगन्स १७८२ हे साल मिरवतो, तर पॅलेस बार १८२३ हे. ग्राफ्टन स्ट्रीटच्या आसपास कीहोज, निअरीज, ग्रोगन्स, लाँग हॉल आणि स्टॅग्ज हेड हा दुसरा गट आहे. बॅगट स्ट्रीटवर टोनर्स आणि डोहेनी अँड नेस्बिट हे दोघे जवळजवळ आहेत. उत्तरेला ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीला लागून असलेला जॉन कॅव्हनाचा पब, ज्याला सारे शहर ग्रेव्हडिगर्स म्हणून ओळखते, तो १८३३ पासूनचा आहे आणि त्यासाठी बसने वेगळी फेरी करावी लागते. तिथे संगीत नाही, टीव्ही नाही. लक्ष विचलित करणारे काहीच नसल्यामुळे चव जोखण्यासाठी माझ्या मते शहरात याहून सोयीची जागा नाही.

पब निवडताना जुनेपणापेक्षा खप महत्त्वाचा धरावा. पिंप उघडल्यावर ते जितक्या लवकर संपते तितकी स्टाऊट ताजी राहते, आणि नळीत पडून राहिलेली स्टाऊट सर्वांत आधी बिघडते. आत शिरल्यावर बारकडे एक नजर टाकावी. दहापैकी सहा-सात ग्लास काळे दिसले तर थांबावे. सगळीकडे लागर, वाइन आणि रंगीत कॉकटेल दिसत असतील, तर त्या पबची स्टाऊट वाईटच असेल असे नाही, पण शक्यता वाढते.

टेंपल बार भागाबद्दल दोन टोकाची मते ऐकायला मिळतात. शहरात इतरत्र पिंट साधारण सहा-सात युरोंच्या आसपास मिळते, तर या भागात ती त्याहून बरीच महाग असते आणि रात्र वाढेल तशी काही ठिकाणी किंमतही वाढते. म्हणून अनुभवी लोक तिकडे फिरकू नका असे सांगतात. किमतीपुरते ते बरोबर आहे. मात्र तिथल्या गर्दीमुळे पिंपे भराभर रिकामी होतात, आणि केवळ ग्लासातल्या पेयाचा विचार केला तर तिथली पिंट पुष्कळदा चांगली निघते. किंमत आणि चव यांचे गुण वेगळे ठेवण्याचे हे एक कारण आहे.

गिनेस स्टोअरहाऊस या कारखान्याच्या प्रदर्शन-इमारतीच्या सातव्या मजल्यावरच्या ग्रॅव्हिटी बारमध्ये मिळणारी पिंट आदर्श मानून तिथून मोजणी सुरू करावी, असा सल्ला बरेचजण देतात. ती जागा जरूर पाहावी. १७५९ मध्ये आर्थर गिनेसने वर्षाला ४५ पौंड भाड्याने नऊ हजार वर्षांसाठी घेतलेल्या जागेची गोष्ट तिथे तपशिलात कळते. पण चहूबाजूंनी काच आणि खाली पसरलेले शहर असताना कोणाचीही जीभ तटस्थ राहत नाही. मोजणीचा आरंभ घराजवळच्या साध्या पबपासून करावा, कारण तिथे तुम्ही पुन्हा पुन्हा जाणार असता.

४. वेळ निवडा

पबांची नेहमीची वेळ सोमवार ते गुरुवार सकाळी साडेदहा ते रात्री साडेअकरा, शुक्रवारी व शनिवारी रात्री साडेबारापर्यंत, आणि रविवारी दुपारी साडेबारा ते रात्री अकरा अशी असते. त्यानंतर हातातला ग्लास संपवायला अर्धा तास मिळतो. नाताळच्या दिवशी पब बंद असतात. गुड फ्रायडेची बंदी २०१८ मध्ये उठली. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी रात्री नऊच्या आत, आणि मे ते सप्टेंबरमध्ये दहाच्या आत, बाहेर पडायचे असते.

गुण देण्यासाठी आठवड्याच्या मधल्या दिवसांत दुपारी चार ते सहा ही वेळ उत्तम. पब उघडताच मिळणारी पहिली पिंट टाळावी, कारण तिच्यात रात्रभर नळीत राहिलेली स्टाऊट येऊ शकते. चांगले पब ती आधीच ओतून टाकतात, पण सगळेच टाकत नाहीत. शुक्रवारी रात्री बारमनला श्वास घ्यायला सवड नसते, तेव्हा त्याची परीक्षा घेणे अन्यायाचे आहे. असे असले तरी ज्या पबला तुम्ही मनातून पहिला क्रमांक देऊ पाहता, तिथे एकदा शुक्रवारी रात्री जाऊन पाहावेच.

५. बारवर कसे वागावे

टेबलावर बसून कोणी येईल म्हणून वाट पाहत राहणे ही नवख्यांची नेहमीची फजिती. बहुतेक पबमध्ये स्वतः बारपर्यंत जाऊन मागणी करायची आणि लगेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण कोण कोणाच्या आधी आले हे बारमनला नेमके ठाऊक असते. त्याच्याशी नजरानजर झाली की पुरे. हात हलवणे, नोट नाचवणे, हाका मारणे हे असभ्य मानतात. बारवर घेतलेल्या पेयावर टिप अपेक्षित नसते. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. तुम्ही नुसता ‘ग्लास’ मागितलात तर अर्धी पिंट मिळते, आणि एका संध्याकाळी दोन पबांची तुलना करायची असेल तर तीच मागणे शहाणपणाचे असते.

राउंडची पद्धत आधी समजून घ्यावी. चारजण एकत्र बसले तर प्रत्येकजण आळीपाळीने चौघांसाठी पिंट आणतो. तुमच्यासाठी कोणी आणली आणि तुमची पाळी आल्यावर तुम्ही उठला नाहीत, तर कोणी तोंडावर बोलणार नाही, पण ते लक्षात ठेवले जाईल. अडचण अशी, की राउंडमध्ये शिरल्यावर किती प्यायचे हे तुमच्या हातात राहत नाही. म्हणून गुणांकनाच्या फेरीला एकट्याने किंवा एकाच जोडीदाराबरोबर जावे, आणि ओळखीचे कोणी भेटलेच तर ‘मी आज एकच घेणार आहे, माझी मीच घेतो’ असे पहिली पिंट येण्याआधीच सांगून टाकावे. पहिल्या राउंडनंतर सांगितले तर ते टाळाटाळीसारखे दिसते.

बारवर बसलात तर शेजारचा माणूस बोलू लागेल. तुम्ही महाराष्ट्रातले असे कळल्यावर माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचा विषय निघण्याची बरीच शक्यता असते, आणि त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, हे तुम्ही सांगितलेत तर गप्पा रंगतात. गप्पा माराव्यात, फक्त गुण त्याआधी लिहून ठेवावेत.

६. ओतणे बारकाईने पाहा

गुणांकनाचा निम्मा भाग पहिल्या घोटाच्या आधीच उरकतो, म्हणून नळ दिसेल अशा जागी उभे राहावे.

ग्लास कोरडा, स्वच्छ आणि खोलीच्या तापमानाचा असावा. धुण्याच्या यंत्रातून नुकताच काढलेला गरम ग्लास फेसाची वाट लावतो. साबणाचा अंश किंवा तेलकटपणा राहिला असेल तर फेस ग्लासाच्या कडेला धरत नाही आणि मोठे बुडबुडे काचेला चिकटून बसतात. बारमनने ग्लास साधारण पंचेचाळीस अंशांत तिरपा धरावा, नळाचे तोंड स्टाऊटमध्ये बुडू देऊ नये, ग्लास भरत जाईल तसा सरळ करत पाऊण भरावा आणि बाजूला ठेवावा.

यानंतरचा काळ महत्त्वाचा आहे. पिंगट ढग खाली कोसळत असल्यासारखे दिसतात, हळूहळू खालचा भाग काळा होतो आणि वर फेसाची कड स्पष्ट होते. बुडबुडे हलके असूनही खाली का जातात, याचे स्पष्टीकरण लिमरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दिले: ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असल्याने वर चढणारे बुडबुडे कडेपासून दूर सरतात, मध्यभागी द्रव वर ओढला जातो आणि कडेने तो खाली वाहतो, आपल्याला दिसतात ते या उताराबरोबर ओढले गेलेले कडेचे बुडबुडे. हा खेळ पूर्ण थांबल्यावरच दुसऱ्यांदा नळ सोडायचा असतो, आणि तो दांडी पुढे ढकलून, म्हणजे संथ प्रवाहाने, जेणेकरून फेस न मोडता ग्लासाच्या कडेच्या किंचित वर घुमटासारखा उभा राहील.

जाहिरातींमध्ये या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात असे सांगितले जाते. घड्याळ लावून बसू नये. पाहायचे ते एवढेच, की दुसऱ्यांदा भरण्याआधी स्टाऊट निवळू दिली की नाही. गर्दीच्या वेळी बारवर पाऊण भरलेल्या ग्लासांची ओळ लावून ठेवलेली दिसते. ते ग्लास भराभर उचलले जात असतील तर त्यात काही वावगे नाही, परंतु शांत दुपारी तसे ग्लास वाट पाहत उभे असतील तर गुण कापावेत. पिंट तुमच्यापुढे आल्यावरही ती अजून हलत असेल तर आणखी थोडे थांबावे. ग्लास पूर्ण काळा होण्याआधी उचलणाऱ्याकडे जुने गिऱ्हाईक ज्या नजरेने पाहते, ती नजर टाळलेली बरी.

७. चव घेताना

जाण्याआधीच्या तासाभरात तिखट खाऊ नये. कांदा-चीजचे टेटो वेफर्स किंवा ग्रोगन्समधले भाजलेले चीज सँडविच हे दोन्ही स्टाऊटबरोबर उत्तम लागतात, पण गुण लिहून झाल्यावर.

पहिला घोट फेसाखालून, भरपूर घ्यावा. नुसता फेस चाटला तर कडू लागतो आणि पेयाचा अंदाज येत नाही. तापमान सहा अंश सेल्सियसच्या आसपास असावे. ‘एक्स्ट्रा कोल्ड’ नावाचा नळ वेगळा असतो आणि त्यातून येणारी स्टाऊट त्याहून गार असते. आपल्याकडच्या लोकांना तो आवडतो, परंतु त्या थंडीत भाजलेल्या जवाची चव दबून जाते आणि त्याचबरोबर पबचे दोषही लपतात. गुणांकनासाठी साधाच नळ मागावा.

चवीत तीन टप्पे ओळखावेत. सुरुवातीला हलकी गोडी, मग कॉफीच्या अंगाने जाणारी भाजणीची चव, आणि शेवटी कोरडा कडवटपणा, जो गिळल्यानंतर थोडा वेळ टिकतो. भाकरी खरपूस झाली आहे की करपली आहे हे जसे आपल्याला न शिकवता कळते, तसाच फरक इथेही कळू लागतो: भाजणीची चव हवी, जळकटपणा नको. दोष ओळखण्यासाठी ढोबळ खुणा अशा. ताकासारखा आंबटपणा किंवा ओलसर, कुबट वास आला तर नळ्यांची सफाई रखडली आहे. पुठ्ठ्यासारखी मळकट चव आली तर पिंप जुने आहे. जिभेला टोचले तर वायूचे मिश्रण बिघडले आहे. पाणचट आणि निर्जीव वाटले तर बहुधा ती फार गार आहे. पाच मिनिटे थांबून पुन्हा चाखावी.

खरी कसोटी शेवटच्या तृतीयांशात लागते. चांगल्या पिंटचा फेस तळापर्यंत टिकतो आणि प्रत्येक घोटाची खूण ग्लासाच्या आतल्या बाजूला वलयासारखी राहते. ही वलये ग्लासाच्या स्वच्छतेची साक्ष देतात. त्यांवरून चव ठरवू नये. ग्लास रिकामा होताना काचेवर काहीच उरले नसेल, किंवा उरलेला घोट कोमट होऊन आंबूस लागत असेल, तर सुरुवातीला दिलेले गुण तपासून पाहावेत.

हल्ली तरुण मंडळी पहिल्या घोटात पिंटची पातळी ग्लासावरच्या जी अक्षराच्या मध्यावर आणण्याची पैज लावतात. गंमत म्हणून ठीक आहे. पण एका दमात एवढी स्टाऊट घशाखाली गेल्यावर पहिल्या घोटाचे टिपण काय करणार?

८. गुण देण्याची पद्धत

तक्ता शंभर गुणांचा असावा. मी पुढील वाटणी सुचवतो: ग्लास आणि ओतणे २०, फेस १५, तापमान १५, चव ३५, शेवटचा तृतीयांश १५. पबचे वातावरण, किंमत, बसण्याची सोय आणि बारमनची वागणूक यांची नोंद वहीच्या दुसऱ्या पानावर ठेवावी आणि ती या बेरजेत कधीही मिसळू नये. लाँग हॉलचे आरसे आणि जुने लाकूडकाम, स्टॅग्ज हेडच्या रंगीत काचा, किंवा टोनर्समधला स्नग, म्हणजे पूर्वी ज्यात बसून स्त्रियांनाही लोकांच्या नजरेआड पिता येत असे तो छोटा आडोसा, यांचा आनंद भरपूर घ्यावा. मात्र त्यासाठी चवीचे पाच गुण वाढवू नयेत. जोडीदार सोबत असेल तर दोघांनी न बोलता गुण लिहावेत आणि मग वह्या उघडाव्यात. आधी बोलणाऱ्याचे मत दुसऱ्याच्या वहीत हमखास उतरते.

प्रत्येक नोंदीत तारीख, वार, वेळ, कोणत्या नळाची स्टाऊट, त्या दिवशीची कितवी पिंट आणि त्याआधी काय खाल्ले हे लिहावे. दुसऱ्या पिंटला पहिलीपेक्षा जास्त गुण देण्याकडे कल असतो, आणि त्याचे कारण ग्लासात असते तसे डोक्यातही असते. शक्य असेल तर फक्त पहिल्या पिंटचेच गुण धरावेत.

एका भेटीवरून पबचा निकाल लावू नये, हा नियम इथे विशेष शोभतो. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येते, या प्रश्नाचे उत्तर ज्याने शोधले तो विल्यम गॉसेट याच गिनेस कारखान्यात नोकरीला होता. जव आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) यांच्या मोजक्याच चाचण्यांवरून निर्णय घ्यावे लागत असल्याने त्याला हा प्रश्न पडला, आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने तो निबंध प्रसिद्ध केला. संख्याशास्त्र शिकलेल्यांना टी-चाचणी ठाऊक असते; तिचे मूळ ते. आपल्याला सूत्र मांडायची गरज नाही. प्रत्येक पबला वेगवेगळ्या दिवशी किमान तीन भेटी द्याव्यात आणि सरासरीइतकेच महत्त्व गुणांच्या चढउताराला द्यावे. समजा, एका पबला ८४, ६० आणि ७९ गुण मिळाले आणि दुसऱ्याला ७२, ७४ आणि ७१. पहिल्याची सरासरी किंचित वर आहे, पण पाहुणा घरी आला तर मी त्याला दुसऱ्या पबमध्ये नेईन.

आयर्लंडबाहेर गिनेस तशी लागत नाही हे विधान तुम्ही पुष्कळदा ऐकाल. त्याची तपासणी एका छोट्या अभ्यासात झाली, जो २०११ मध्ये अन्नविज्ञानाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार संशोधकांनी १४ देशांतल्या ३३ शहरांत पिंट चाखून शंभरपैकी गुण दिले. आयर्लंडमधली सरासरी ७४ आली आणि बाहेरची ५७. पबचे वातावरण आणि चाखणारा कोण हे विचारात घेतल्यानंतरही फरक टिकला. मात्र आपण कोणत्या देशात बसलो आहोत हे चाखणाऱ्यांना माहीत होते, आणि तुमच्या वहीचीही हीच मर्यादा आहे: पबचे नाव लपवून चाखता येत नाही.

९. पिंट बिघडलेली निघाली तर

दोन-तीन घोटांत दोष कळला तर ग्लास बारवर नेऊन ‘ही थोडी आंबट लागते आहे, जरा पाहता का?’ असे हळू आवाजात सांगावे. चांगला बारमन वास घेतो, बहुधा वाद न घालता दुसरी देतो आणि तळघरात जाऊन पिंप पाहून येतो. निम्मी संपवून तक्रार करू नये. नळ्यांच्या सफाईवर त्याला व्याख्यानही देऊ नये. तक्रारीनंतर पब कसा वागला याची नोंद दुसऱ्या पानावर जरूर करावी. माझ्या लेखी ती किमतीपेक्षा महत्त्वाची आहे.

१०. किती प्यावी आणि घरी कसे जावे

आयर्लंडमध्ये एक प्रमाणित पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध मद्य, आणि गिनेसच्या एका पिंटमध्ये ते जवळपास दोन भरते. आरोग्य सेवेच्या सल्ल्यानुसार आठवड्याची कमी जोखमीची मर्यादा पुरुषांसाठी १७ आणि स्त्रियांसाठी ११ प्रमाणित पेये आहे, ती एकाच दिवशी घ्यायची नाहीत, आणि आठवड्यात किमान दोन दिवस मद्य घ्यायचे नाही. एका बैठकीत सहा प्रमाणित पेये, म्हणजे तीन पिंट, हे अतिसेवन धरले जाते. त्यामुळे एका संध्याकाळी पाच-सहा पब ‘उरकण्याचा’ बेत आरोग्याच्या दृष्टीने वाईट आहेच, शिवाय गुणांकनाच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण तिसऱ्या पिंटनंतर जीभ बोथट झालेली असते. एका संध्याकाळी एक पिंट, किंवा दोन पबांत अर्धी-अर्धी, एवढीच मर्यादा ठेवावी. मधे पाणी मागावे. बारवर ते फुकट मिळते आणि मागण्यात संकोच नसावा. न पिणारा मित्र सोबत असेल तर त्याला शून्य टक्क्यांची गिनेस मिळू शकते आणि ओतण्याचे, फेसाचे गुण तोही देऊ शकतो.

गाडी चालवण्याचा प्रश्नच येऊ देऊ नये. रक्तातल्या मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आणि शिकाऊ, नवे परवानाधारक व व्यावसायिक चालक यांच्यासाठी ती केवळ २० आहे. भारतातून आल्यावर इथला परवाना नव्याने काढलेले बरेचजण याच दुसऱ्या गटात मोडतात आणि एक पिंटही त्यांना महागात पडू शकते. शेवटच्या लुआसची वेळ निघण्याआधी पाहून ठेवावी.

११. कॉर्कची फेरी

डब्लिनची वही थोडी भरल्यावर ह्यूस्टन स्थानकातून कॉर्कला जावे. रेल्वेने सुमारे अडीच तास लागतात. तिथे मर्फीज आणि बीमिश यांचा खप मोठा असल्यामुळे त्या ताज्या मिळतात, आणि डब्लिनमध्ये कुठेतरी कोपऱ्यातल्या नळातून चाखलेल्या मर्फीजबद्दलचे मत बदलण्याची दाट शक्यता असते. बीमिश अँड क्रॉफर्डचा १७९२ पासूनचा जुना कारखाना २००९ मध्ये बंद झाला आणि तेव्हापासून या दोन्ही स्टाऊट शहरातल्या एकाच ठिकाणी तयार होतात, तरीही त्यांच्या चवींतला फरक स्पष्ट कळतो. कॉर्कसाठी नवा तक्ता सुरू करावा, एकाच पबमध्ये दोन्हींची अर्धी-अर्धी पिंट शेजारी ठेवून चाखावी, आणि परतीच्या गाडीचे तिकीट आधीच काढलेले असावे.